बोटभर खाली

टायर आणि मडगार्डच्या मध्ये माझी आख्खी मूठ जाते,
शिवाय अंगठ्याएवढी जागा उरते.
आखूड विजारीखाली उघड्या पडलेल्या पोटऱ्यांसारखी
ती फट मला दोन वर्षं खुपते आहे.

गाडी लहान, करडी, मागे दार असलेली.
रोज पहाटे बेकरीपर्यंत सव्वीस किलोमीटर.
रिमुस्कीत हिवाळा नोव्हेंबरात येतो
आणि एप्रिलात त्याला जा म्हणावं लागतं.

दोन खोकी हेरून ठेवली होती.
एकात लाल स्प्रिंगा, गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या.
दुसऱ्यात काळ्या, वीसच्या.
चाळीसची गाडी उन्हाळ्यात काय दिसेल,
दुकानाच्या काचेतून स्वतःलाच बघत जाताना तर —
असो.

ओनेझिमने गाडी लिफ्टवर घेतली,
दिवा धरून तिचं पोट दाखवलं, मिठाने खाल्लेलं.
"शॉकअब्सॉर्बर म्हातारे झालेत,
आखूड स्प्रिंग त्यांना रोज बसकण मारायला लावील.
हा रबरी ठोकळा बघ. मार्चात रस्ता फुगतो, फुटतो,
चाक खड्ड्यात उतरलं की मध्ये फक्त हा
आणि तुझे मणके.
चाळीस तुला हवेत, की तुझ्या मित्रांना?"
मी त्याचा पाना पुसत राहिलो.

आता आईचं सांगायला हवं.
आई नगरपालिकेचा बर्फाचा नांगर चालवते,
रात्री अकरा ते सकाळी सात, तेवीस वर्षं.
नांगराने ढकललेला बर्फ
प्रत्येक घराच्या तोंडाशी बांध घालून जातो.
त्या बांधापायी अख्खी गल्ली तिला शिव्या घालते
आणि नाताळात तिलाच बाटली पाठवते.
आपल्या दारापुढे तरी पातं उचल की, मी लहानपणी म्हणायचो.
ती म्हणायची, पात्याला नातं कळत नाही.

गेला हिवाळाभर तो बांध मी मोजला,
गॅरेजच्या दारावर आतून खडूने लिहीत गेलो.
अकरा. चौदा. नऊ. एकतीस, त्या दिवशी बेकरीत उशीर.
गाडीचं पोट जमिनीपासून चौदा सेंटिमीटर.
लाल घेतल्या तर दहा.
दहा म्हणजे रोज फावडं, रोज अर्धा तास झोप कमी.
काळ्या घेतल्या तर बारा,
म्हणजे कधी फावडं, कधी नशीब.
बाराभोवती मी गोल काढला,
पुसला,
पुन्हा काढला.

एका सकाळी आई कामावरून आली,
बूट न काढता ते सगळे आकडे वाचत उभी राहिली.
मला वाटलं, आता विचारेल.
"एकतीस नव्हता," म्हणाली. "टेप तिरकी धरतोस तू."

काळ्या घेतल्या.
शॉकअब्सॉर्बरही नवे, त्यात ऑक्टोबरचा पगार गेला.
ओनेझिमने गाडी खाली सोडली,
ती जरा डुलली, मग बसली.
मूठ जाईना. चार बोटं गेली.
आईने खिडकीतून पाहिलं. "काही केलंयस का तिला?"

पहिला बर्फ सोळा नोव्हेंबरला.
चार वीसला मी गाडी मागे घेतली.
बांध होताच, ताजा, अजून मऊ,
आणि पोटाखालून, मागच्या बंपरपासून पुढच्यापर्यंत
खर्रर्र,
लोकरीवरून उलटा हात फिरल्यासारखं.
गाडी अडली नाही.
गल्लीच्या टोकाला तिचा पिवळा दिवा गरगरत होता.
शेजारच्या त्रांब्लेंच्या दाराशी बांध
गुडघ्याला लागेल एवढा.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर
मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी,
तिच्या ठोकळेबाज अक्षरात:
बारा. मोजून ठेवला.