छत्तीसशे चाळीसची रेषा

ब्लफ गावच्या वाचनालयात लांब मेजावर
ताव क्रमांक सात.
चार कोपऱ्यांवर चार गुळगुळीत गोटे.
नदीतलेच, थर्झाबाई सांगतात.

साल एकोणीसशे एकवीस.
नदीचा नकाशा नव्हता तेव्हा,
काठावर मका लावणाऱ्यांना ती तोंडपाठ होती
म्हणून कुणाचं अडलं नव्हतं.

एल्वुड टॅपन दुर्बिणीला डोळा लावून,
तिपाईवर फळा, फळ्यावर कागद,
कागदावर घाम पडू नये म्हणून मनगटाला फडकं.
आणि पलीकडे, कपारीत, लव्हार. वय एकोणीस.
हातात आकड्यांची दांडी.
ती हलू द्यायची नाही, एवढंच काम.

माझे वडील मोजणी खात्यात होते.
म्हणायचे, दांडी धरणाऱ्याचं नाव
नकाशावर येत नाही.
इथे आलंय. तावाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:
"ल.ला पोहता येत नाही हे आज कळलं.
उद्यापासून कमरेला दोर."

तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून चढतात,
कडा जिथे सरळसोट तिथे तर
नुसता शाईचा गठ्ठा.
त्यातली एक जाड.
छत्तीसशे चाळीस. कचेरीचा हुकूम होता, ही ठळक काढा.
टॅपननं काढली, कोरड्या खडकावरून,
पाकोळ्यांच्या घरट्यांवरून,
कुणाच्या तरी जुन्या कणगीच्या डोक्यावरून.
का ते विचारलं नाही.
विचारलं असेल, तर लिहिलं नाही.

चाळीसेक वर्षांनी धरण झालं.
पाणी चढत आलं आणि थांबलं
बरोब्बर रेषेवर,
सांगितल्या जागी उभ्या राहिलेल्या पोरासारखं.

आता उतरतंय.
कड्यांवर पांढरा पट्टा राहिलाय,
आमटी आटल्यावर पातेल्याला राहते तशी कड.
कणगी वर आलीय म्हणे.
आत गाळच गाळ.

मग थर्झाबाई चष्मा सारखा करून
वळणापाशी एक जागा दाखवतात.
पेराएवढी, कोरी.
ना रेषा, ना ठिपके, ना अंदाजपंचे काही.
"दोर इथवर पुरला नाही.
साहेब म्हणाला, राहू दे.
आजोबा जन्मभर म्हणत, ती जागा माझी."

त्या तिथे बोट ठेवतात.
मी लव्हारचं नाक त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहते,
त्याचा फोटो कधी पाहिलेला नसताना.

पाच वाजले. वाचनालय बंद व्हायची वेळ.
एकेक गोटा उचलला जातो
आणि ताव आपणहून गुंडाळत येतो,
आधी उगमाकडून.