एकाच रेषेनं

हेळवाकच्या पुढं, घाट चढायच्या आधी,
जिथं रस्ता रुंद झाला
आणि दोन्हीकडची झाडं एकमेकांना पारखी झाली,
तिथं मी पहाटे साडेपाचला उभा असतो.
गळ्यात दुर्बीण, खिशात शिसपेन्सिल.
शाई नको, सावळजकर बाई म्हणल्या होत्या,
इथल्या दमट हवेत शाईला पाय फुटतात.
खोडरबर तर नकोच नको.

दर दहा मिनिटांनी एक ओळ.
कोण बसलंय, कोण खातंय,
उंबर खातंय की कोवळी पालवी,
पोर आईपासून हातभर लांब की फांदीभर.
लेंड्या पडल्या की बाटलीत, बाटलीवर तारीख.
वस्तीवरचे हसले,
गवळ्याचा पोर शेण सोडून वानराच्या लेंड्या वेचतो.
त्यांना मी सांगितलं नाही
की ह्याचं पोट आतून आपल्या म्हशीच्याच वळणाचं,
कप्प्याकप्प्यांचं, पाला आंबवणारं.
ते कळलं त्या दिवशी
मी वानराकडं पहिल्यांदा
दावणीला बांधलेल्याकडं बघावं तसं बघितलं.

आषाढात काम बंद. बाई भिंतीवर चित्रं दाखवायच्या.
समुद्रापल्याडच्या रानातलं कोळी-माकड.
मला वाटलं, मासे धरत असेल,
शिवसागरातल्या कोळ्यांसारखं.
तो कोळी नव्हे धाकलू, जाळं विणणारा.
हातपाय लांबच लांब, अंगठा जवळजवळ नाहीच,
चार बोटांचा नुसता आकडा.
आणि शेपटीच्या टोकाला आतून उघडी कातडी,
तळव्यावर असतात तशा रेषांची.
मी माझा हात उलटा केला.
शेपटीवर रेषा! मग भविष्य कोण बघतं?
बाई म्हणल्या, आम्हीच की.
एक पोर होतं, मग तीन-चार वर्षं काही नाही.
झाडं त्याहून लवकर पडतात.

माघात आमच्या टोळीतल्या एका मादीचं,
वहीत म-९, माझ्या तोंडी कानतुटी,
रस्ता ओलांडताना पोर सुटलं.
चिपळूणकडनं टँकर आला. थांबला नाही.
थांबला असता तरी काय.
चार दिवस ती ते घेऊन फिरली,
एका हातात पोर, तिघांवर चाल.
चौथ्या दिवशी मी लिहिलं: रडली.
बाईंनी त्यावर रेष मारली.
वानर आसवं गाळत नाही. दिसलं तेवढं लिही.
वर त्यांच्या अक्षरात:
मृत पिल्लू वाहून नेणे, दिवस चौथा.
बाजूला सही, तारीख.
चूक खोडायची ती अशीच, एकाच रेषेनं.
खालचं वाचता आलं पाहिजे.

त्या दूरच्या रानात रस्त्यांवरून दोर बांधतात म्हणे, माकडांसाठी.
आम्हाला परवानगीलाच चौदा महिने गेले.
कराडच्या बंबांचे टाकून दिलेले पाइप आणले,
तिपेडी वळले, दावं वळतात तसे.
तेवढं काम माझं.
बाई शेजारी बसून गाठ शिकत होत्या, त्यांना जमली नाही.
मग कॅमेरा.
पहिल्या महिन्यात हजारभर फोटो,
वारा, वारा, पानाची सावली,
एकदा शेकरू, अर्ध्यातनं माघारी.

आज सहा बावन्नला कानतुटी आली.
पाइप हुंगला. दातानं ओढून पाहिला.
मधोमध गेली आणि थांबली.
खालून ट्रक गेला, पूल हलला.
आपल्या वानराची शेपटी काही धरत नाही,
नुसती मागं लोंबते, तोल सांभाळते.
इकडं तेवढ्यावरच भागवायचं असतं.
मग पलीकडच्या ऐनाची फांदी वाकली,
आणि पूल रिकामा.

६.५२. मादी, म-९. डोंगराकडून नदीकडं. एकटी.

संध्याकाळी बाईंनी वही घेतली.
शेवटच्या शब्दापाशी बोट जरा थांबलं.
पेन्सिल मागितली नाही.
उद्या सेल बदल कॅमेऱ्याचे, म्हणल्या,
आणि ती गाठ परत एकदा दाखव.