एइकिचीचा धोंडा

आमचा ऊस बारीक, अंगठ्याएवढा.
डोंगराकडून वारा उतरायला लागला की तोडतो.
काहिलीतला रस आटून, निवून
पिंगट, रवाळ होतो,
मग कापडात बांधून लाकडी पेटीत,
वर तुळई,
तुळईच्या टोकाला धोंडे.
रात्रभर मळी ठिबकते.
सकाळी सोडायची, पाणी शिंपडून
कणकेसारखी मळायची,
पुन्हा कापड, पुन्हा धोंडे.
तीनदा केली की झाली वासान्बोन,
असं जुनी माणसं म्हणत.
बाबा पाचदा करायचे.

धोंडे कमी पडले की टोकाला एइकिची बसे.
बारा वर्षांचा, खिशात भाजलेले चेस्टनट,
पाय हलवत.
बाबा ओरडायचे: हलू नकोस,
साखरेला कळतं.

सतराव्या वर्षी तो ओसाकाला गेला,
जहाजांच्या कारखान्यात.
बस वळणाआड झाली तसे बाबा
हातगाडी घेऊन योशिनो नदीवर गेले.
तीन धोंडे उचलून परत पाण्यात टाकले,
चौथा आणला.
तांदळाच्या काट्यावर एकेचाळीस किलो भरला.
"एवढाच होता," म्हणाले,
आणि दोर बांधला.

तेव्हापासून आमच्यात म्हणतात,
एइकिचीला टांग.
एइकिचीला खाली घे.
एइकिचीचा दोर कुजलाय, बदला.
नवे गडी आधी हसतात,
मग त्यांच्याही तोंडात बसतं.
आई मात्र नाव घेत नसे. "त्याला" म्हणे.
त्याला पाऊस लागतोय, आत सरकवा.

बाबांच्या एकोणपन्नासाव्या दिवशी तो आला.
पोट सुटलेलं, एक गुडघा दुखरा,
हातात स्टेशनवरच्या बिस्किटांचा डबा.
मी मळत होते, कोपरापर्यंत ओली.
आतून तात्सुमी ओरडला,
"आत्या, एइकिचीला अजून तासभर ठेवू का?"

तो दारातच थांबला.
मी म्हणाले, ठेव.

मग धोंड्यापाशी गेला. हात लावला नाही.
गाठ बघितली, गेल्या वर्षीची, बाबांच्या हातची.
"घट्ट आहे," म्हणाला.
परातीतली चिमूट जिभेवर ठेवली,
पांढरी नव्हे, जुन्या हस्तिदंताच्या रंगाची.
काही बोलायच्या आत ती विरते,
सगळ्यांचंच तसं होतं.
"संपली?" त्यानं विचारलं.

रात्री जाग आली तर कारखान्यात दिवा.
तुळईच्या टोकाला बसला होता,
धोंड्याच्या शेजारी,
पाय आता जमिनीला टेकत होते.
मळी भराभर ठिबकत होती.
वजन जास्त झालं तर कापड फाटतं,
हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक.
मी काही बोलले नाही.
तोही हलला नाही.