धडा

तराजू हातात घेतला की आधी धडा करायचा,
अप्पा सांगायचे.
रिकामी पारडी कधीच सारखी नसतात.
हलक्यात एखादा खडा, चिंचोका, तुटकं बटण,
हाताला येईल ते टाकायचं,
दांडी आडवी झाली की मग माल.

एकतीस वर्षं लातूरच्या मोंढ्यात मापाडी.
आता काटा विजेचा, आकडे लाल,
तरी अप्पा मुनीमाला दोनदा शून्य करायला लावतात.

आज मी हिशेबाला बसलेय,
कारण गल्लीतली तनुजा सकाळी विचारून गेली,
"ताई, तू केलीस ती डिग्री करू का मी?
फायदा हुईल का?"
आणि घाण्याचा पट्टा तुटलाय.
मेकॅनिक औशाहून येईस्तोवर वेळ आहे.

डाव्या पारड्यात:
उद्योजकतेची पदवी, पुणे, दोन वर्षं,
फी सहा लाख ऐंशी हजार.
तिघींत एक खोली, मेसची गोड आमटी.
बार्शी रोडचा प्लॉट, पंचवीस बाय चाळीस,
ज्यात आईनं मनातल्या मनात
स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला काढली होती.
खिडकी किती किलो धरायची,
अप्पांना विचारलं नाही.
आणि वीरभद्र.
"ताईचं होऊ दे, माझं बघू," म्हणाला होता.
ते 'माझं बघू' अजून टेम्पो चालवतंय,
लातूर-मुरूड-बार्शी.

उजव्यात काय टाकू?

पहिल्याच तासाला सर म्हणाले,
अपयश साजरं करायला शिका.
सरांनी चहाची टपरीही चालवली नव्हती कधी.
आमच्याकडे अपयशाला 'बुडालं' म्हणतात,
आणि त्या रात्री भांडीसुद्धा हळू घासतात.
माझ्या शेजारच्या बाकावरच्या पोराला
त्याच्या बापानं बुडवायला म्हणून चाळीस लाख दिले होते.
सर म्हणाले, सुरुवात सगळ्यांची शून्यातून.
मी वहीत लिहून घेतलं, 'शून्य'.
खाली रेघ मारली.

बरं, खोटं कशाला बोलू.
बँकेत अप्पा टोपी हातात धरून उभे राहायचे,
मी साहेबानं सांगायच्या आधी खुर्चीवर बसले.
माझ्या फाईलमधला पाच वर्षांचा नफा
निम्मा अंदाजाचा होता,
हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.
पण अंदाज तक्त्यात होता.
नऊ लाख मंजूर.
खोलीतली फिरदोस आता महिन्याला
साठ कॅन करडईचं तेल मागवते,
पैसे वेळेवर, वर कुरकुर.
आणि भाव सांगून गप्प बसायला शिकले.
"लिटरला तीनशे ऐंशी."
पुढं काही नाही. कमी करते म्हणून नाही,
परवडत नाही म्हणून नाही.
वीरभद्र म्हणतो,
या गप्प बसण्यालाच गेले सहा लाख.

पट्टा तुटल्यावर काय करायचं, ते नव्हतं अभ्यासक्रमात.
आजूबाजूला सगळे सोयाबीनच पेरायलेत,
करडई आणायची कुठून, तेही नव्हतं.

पदवीदानाला अप्पा आले होते,
इस्त्रीचं धोतर, पहाटेच्या बसनं.
मी प्रमाणपत्र हातात दिलं,
त्यांनी वाचलं नाही,
तळहातावर ठेवून जरा वरखाली केलं,
सवयीनं.
"सव्वाशे ग्रॅम," म्हणाले. "फोल्डर धरून."
मग रुमालात गुंडाळलं
आणि लातूर येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

हे कुठल्या पारड्यात?

तनुजाचे वडील रिक्षा चालवतात.
तिला सांगावं म्हणते,
फायदा-तोटा मागून बघू,
आधी धडा कर.
तुझ्या बाजूला खडा टाकणारं
आहे का कुणी, ते बघ.
पण हे ऐकून ती जायचीच नाही, असंही व्हायला नको.

मेकॅनिक आला.
पट्टा अकराशे पन्नास, मजुरी वेगळी.
मी म्हणाले, "नऊशे."
आणि गप्प बसले.
तोही गप्प बसला.
कुठं शिकला, कोण जाणे.