रकाना क्रमांक पाच

जानेवारीतला मंगळवार. धुकं इतकं
की ग्वाल्हेरचा किल्ला गेला होता,
नुसती त्याची जागा उरली होती.
सभागृहात दोन हीटर, दोन्ही मंचाकडे तोंड करून.
इतिवृत्त माझ्याकडे. रकाने भोपाळहून आखून आलेले:
क्रमांक, नाव, गाव, हरकत, तज्ज्ञांचा खुलासा.
लोक बोलतील हिंदीत, मी टंकणार हिंदीत,
मधल्या मधे डोक्यात मराठी होतं, त्याला रकाना नव्हता.

विषय: नव्या मोहरीची चाचणी, सव्वा एकर.

आधी उठला बैजनाथ कुशवाह, मधाच्या पेट्यांवाला.
म्हणाला, पेट्या मी रात्री हलवतो, माश्या घरी असतात तेव्हा.
दिवसा कुठे जातात, ते मला सांगून जात नाहीत.
तुम्ही म्हणता, चहूबाजूंनी अंतर सोडू.
हे त्यांना कोण कळवणार?
लोक हसले. हसणं मी टंकलं नाही.
हरकत: परागवहन.

मग कुणी विचारलं, हे तेल खाऊन मुलं होतील ना?
कुणी विचारलं, बियाणं नावावर कोणाच्या?
दाल बाजारातले एक म्हातारे तेली, कानटोपी न काढता:
या तेलात कैरीचं लोणचं घातलं तर दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल?
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
मला तर तोच प्रश्न सगळ्यांत शहाणा वाटला.

डॉ. तोमर बाईंना सर्दी झाली होती.
अकरा वर्षं त्या या एका रोपापाशी बसल्यात,
बोलताना कागद थरथरत होता, मोहरीच्या फुलासारखा
असं मी म्हणणार नाही. कागदासारखाच थरथरत होता.
म्हणाल्या, अपाय आम्हाला आतापर्यंत आढळलेला नाही.
आणि "आतापर्यंत" त्यांनी सावकाश म्हटलं,
जिना उतरताना म्हातारं माणूस शेवटची पायरी चाचपतं तसं.
मी टंकलं. माझ्या मागे उभ्या सक्सेनासाहेबांनी
स्क्रीनवर बोट टेकवलं: हा शब्द कशाला? ओळ वाढते.
मी काढला.

शेवटी रामदेई. तिनं फवाऱ्याचं विचारलं.
तो मारला की मोहरी उभी राहणार, बाकीचं जळणार, हो ना?
फक्त तण जळेल, अध्यक्ष म्हणाले, समजावून, चांगल्या आवाजात.
तिनं पदराची गाठ सोडली आणि मंचाच्या हिरव्या कापडावर
ओली मुळं असलेला बथुआ ठेवला.
हे ना? म्हणाली. पौषात माझ्या घरी हेच शिजतं.
कुणी काही बोललं नाही. हीटर टिकटिकत होता.
रकान्यात मी लिहिलं: तण.

संध्याकाळी ती जुडी तिथेच पडलेली. मी पिशवीत टाकली.
लष्करातल्या आमच्या घरात आई त्याला चंदनबटवा म्हणायची,
ताक लावून, वरून लसणाची फोडणी;
बाहेर आम्ही पोरं बथुआच म्हणायचो.

जेवणाआधी पोटाची चिमट धरून मी सुई टोचली.
हे इन्सुलिन माणसाचं, पण माणसानं केलेलं नाही.
कुठल्याशा टाकीत जंतू ते घडवतात,
त्यांच्यात आमच्यातला एक धागा ओवलाय.
चौदा वर्षं रोज दोनदा. कुणी सुनावणी घेतली नव्हती,
आणि घेतली असती, नि मी हरकत नोंदवली असती,
तर ही भाजी आज कुणी निवडली असती?
म्हणून मला हात वर करता येत नाही.
खालीही ठेवता येत नाही.

बुधवारी पक्की प्रत काढताना
मी "आतापर्यंत" परत बसवलं.
ओळ वाढली. साहेबांनी सही केली, चहा पीत, न वाचता.
त्या एका शब्दानं खालचं सगळं सरकलं
आणि शेवटची नोंद पुढच्या पानावर गेली.
आता तिथे वरच्या कोपऱ्यात
रामदेई एकटी आहे,
आणि तिच्याखाली
पानभर काहीही उगवलेलं नाही.