घर फिरलं

घर फिरलं की वासेही फिरतात, म्हणतात आमच्यात.
इथे, चिलोए बेटावर, घर खरोखरच निघालं होतं
बारा बैलजोड्यांमागून, ओंडक्यांवरून घसरत,
खिडक्यांना पडदे तसेच
आणि आत भिंतीवरचं घड्याळ चालू.

घर एदुविनाचं, जमीन भावाची.
भावाने जमीन विकली.
नऊ वर्षं दोघांत शब्द नाही.
ती एवढंच म्हणाली, मग घर मी नेते.

आणि दारोदार गेली.
इथे विचारावं लागतं तोंडाने, उंबऱ्यात उभं राहून,
मग मिंगाला कोणी नाही म्हणत नाही.
मजुरी नाही. जेवण.

मला आधी दोराला लावलं,
हात पाहून लगेच काढलं,
बटाटे किसायला बसवलं बायकांत.
जांभळे बटाटे, आतून शाईसारखे.
कच्चा कीस फडक्यात घालून पिळायचा
मनगट भरून येईस्तोवर.
कीस मला येतो, म्हटलं, आमच्याकडे उपासाला करतात.
उपासाला? बटाटा?
मग तुम्ही उपाशी कधी राहता? ओरितियाने विचारलं
आणि तिचीच किसणी हसून हसून खाली पडली.

खड्ड्यात पहाटेपासून दगड तापलेले.
त्यांवर शिंपले ओतले, टोपल्याच्या टोपल्या,
धुरावलेलं डुक्कर, कोंबड्या, शेंगा,
वर नाल्काची पानं, एकेक छत्रीएवढं,
त्यावर किसाचे जाड मिल्काओ,
पुन्हा पानं, आणि गवताची ढेकळं पालथी, मुळं आभाळाकडे.
जमीन धुमसू लागली.

रोसामेल सगळ्यात शेवटी आला.
बेटावरचे दांडगे बैल त्याचेच.
बहिणीकडे न बघता त्याने जू अडकवलं.
चढावर घर रुतलं तेव्हा
बैलाच्या कानाशी तोंड नेऊन
कितीतरी वेळ काहीबाही बोलत राहिला.
बैलाने मान हलवली. मग घराने.

खड्डा उघडला, वाफेत कोण कुठे दिसेना.
एदुविनाने पहिला मिल्काओ उचलला
आणि भावाच्या हातावर ठेवला.
भाजेल, म्हणाली.
मीठ कमी आहे, तो म्हणाला,
आणि दुसरा मागितला.

मी शिंपल्यातलं खारट पाणी पीत होतो,
वर सफरचंदाची आंबट चिचा.
तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं
की घर उलटं बसलंय,
दार डोंगराकडे, मोरी रस्त्याकडे.

सगळे एदुविनाकडे बघायला लागले.
राहू दे, ती बोटं चाटत म्हणाली,
आता जेवलेत सगळे.