बारा वस्तू शोधा

ट्रोम्सोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य रजेवर जातो.
त्या काळोखात मी एक स्वयंपाकघर रंगवलं,
साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, एका कोळणीचं,
पगारी काम म्हणून.

खेळ असा :
गावात कुजबुज आहे की सिग्री चेटूक करते.
तुम्ही तपासनीस. दार ढकलून आत या.
पडद्याच्या तळाशी यादी आहे बारा वस्तूंची.
दिसली की टिचकी मारा.
पाच टिचक्या चुकल्या की मेणबत्ती विझते
आणि तुमचा वेळ कापला जातो.

लपवणं माझं काम. मला ते जमतं.
कात्री खुर्चीच्या पायांत मिसळली,
मांजर चुलीमागच्या काजळीत,
बाटली खिडकीवरच्या बर्फाच्या नक्षीत,
आणि तीन गाठींची दोरी
वाळत टांगलेल्या कॉड माशांच्या रांगेत,
शेपट्यांच्या मधोमध.

चाचणीला खालच्या मजल्यावरच्या गुन्वोर आल्या.
एकतीस वर्षं होडीतून बाळंतपणं करत हिंडलेल्या.
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं.
कात्री त्यांना लगेच सापडली.
'ही नाळेची. टोकं बोथट आहेत बघ.
तू काय लिहिलंयस हिला?'
मी लिहिलं होतं : विधीची कात्री.
'आणि ही बाटली?'
विष.
'खोकल्याचं औषध असेल. नाहीतर दारू. रात्र केवढी असते इथे.'
मांजराला त्यांनी नुसतंच 'उंदीर असणार' म्हटलं
आणि पुढे सरकल्या.

मग त्या भलतीकडेच टिचक्या मारू लागल्या.
बादली. बुटकं स्टूल. एका मुलाचा हातमोजा,
जो मी फक्त लाल रंग हवा म्हणून टाकला होता.
मेणबत्ती विझली. पुन्हा लागली. पुन्हा विझली.
'चुलीवर आकडा आहे,' त्या म्हणाल्या,
'आणि किटली नाही.'
तिथे काही नव्हतंच. चित्राला मोकळी जागा हवी होती.
'शेजारणीनं नेली असणार. तांब्याची असणार.
आणि हिनं परत मागितली असणार.'

मी कथेचा कागद काढून पाहिला.
हंगामात दोन होड्या बुडाल्या, एवढंच लिहिलं होतं.
किटलीबद्दल कोण लिहितं?
पाणकावळा बसायला आणि डोलकाठी मोडायला,
खरी गाठ तेवढीच पडलेली.
दोरीवरच्या तिन्ही गाठी
मासे टांगायच्या.

जाताना उंबऱ्यावर गुन्वोर थांबल्या.
'माझी केकची परात तुझ्याकडेच आहे ना? ऑगस्टपासून?'
हो म्हणाले. आणते म्हणाले. उद्याच.

त्याच रात्री वीज गेली.
तीन तासांचं काम उडालं, शेजारणीचं अख्खं घर,
जे मी नुकतंच रंगवायला घेतलं होतं.
खिडकीबाहेर समुद्र होता की नव्हता, कळत नव्हतं.
आणि एक क्षण, फक्त एकच,
माझ्या मनात
खालचा मजला आला.

मोबाइलच्या उजेडात परात घासली.
कडेला जळलेली साखर होती, ती नखानं काढली.
अंधाऱ्या जिन्यावरून दोन्ही हातांनी धरून खाली नेली.
त्या जाग्याच होत्या. 'एवढी घाई नव्हती गं,' म्हणाल्या.

शेजारणीचं घर मी पुन्हा रंगवलं.
चुलीवर किटली आहे, मोठी, तांब्याची,
वाफ सोडते, सगळ्यांत ठळक.
कुठल्याच यादीत नाही.
तिच्यावर टिचकी मारलीत
तर मेणबत्ती विझते.
तो नियम दुसऱ्या कुणीतरी लिहिलाय,
मला तो बदलता येत नाही.